पाच खुर्च्यांत बसत न्हाई

पाच मित्र एका बाकावर बसलेत. अजय विजयच्या डावीकडे आहे, संजय टोकाला नाही, तर मध्ये कोण? इतकी वर्षं हेच विचारतेय मी, त्या पाच जणांचा आता खरोखर वीट आलाय. उठा की मेल्यांनो एकदाचे, घरी जा, असं म्हणावंसं वाटतं. पण ते काही उठत नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षा आली की बसतात, नवोदय आली की बसतात, आणि मी आपली हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभी.

मी राहते दौंड तालुक्यात. रोज स्कूटीवर भीमेचा पूल ओलांडायचा, की शिरूर तालुका लागला. वडगाव रासाईच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला जिल्हा परिषदेची शाळा. मतदारयादी आमच्याकडं, जनगणना आमच्याकडं, खिचडीचे फोटो ॲपवर टाकायचे तेही आमच्याकडं. त्यातून वेळ उरला की शिकवायचं. शाळा सुटल्यावर बुद्धिमत्तेचा ज्यादा तास घेते मी. पोरं पेंगतात. खरं सांगायचं तर मीही पेंगते.

यंदा मात्र एका पोरीनं मला पेंगू दिलं नाही. पाचवीतली नीलम. गणित घातलं की बाकीची पोरं आकडे शोधतात आणि दिसतील ते एकमेकांत मिळवून टाकतात. ही आधी विचारणार, "मॅडम, यात काय सांगितलं न्हाई?" टाकी दोन नळांनी किती तासांत भरेल असं विचारलं, तर हिचा प्रश्न, लाईट किती वाजता येणार हाय? सुरुवातीला मला राग यायचा. म्हटलं, अगं बाई, पुस्तकात लाईट असते, सोडव. पण सोडवायचीसुद्धा तीच सगळ्यांच्या आधी.

तिचा नवोदयला नंबर लागला. आमच्या शाळेतून आजवर कुणाचा लागला नव्हता. शाळा आपल्याच तालुक्यात, पिंपळे जगतापला. पण राहायचं तिथंच, पार बारावीपर्यंत. निकाल बघितला तेव्हा मी वर्गात एकटीच होते, आणि सांगायला लाज कसली, मला रडू आलं.

तर तिच्या आजोबांनी नाही म्हणून सांगितलं.

आजोबा म्हणजे बापूसाहेब, नीलमचे आबा. विकास सोसायटीचे चेअरमन. गावात त्यांचा शब्द चालतो आणि घरात तर दुसऱ्या कुणाला शब्दच नाही. मी घरी गेले, चहा घेतला, नाना तऱ्हेनं समजावलं. नीलमचा बाप विक्रम रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला. आई शिक्रापूरला पॅकिंगला जाते, सकाळी गाडी येते ती अंधार पडताना सोडते. दोघंही हो म्हणत होते, पण हळू आवाजात. म्हातारा खाटेवर बसून माझ्याकडं न बघता बोलला, "मॅडम, पोरगी गेल्यावर या घरात माझ्याशी कोण बोलायचं? भिताडं?"

म्हाताऱ्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. डोळ्यांनी धड दिसत नाही. शाळा सुटली की नीलम पेपर वाचून दाखवते, बाजारभाव सांगते, दोघं वाद घालतात. मला सगळं दिसत होतं. तरी घरी जाताना पुलावर मी गाडी थांबवून मनातल्या मनात त्यांना चार शिव्या दिल्या. तुमचा एकटेपणा पोरीनं का भरून काढायचा, आबा?

प्रवेशाची मुदत जवळ आलेली. मग मी एक डाव टाकला. शाळेत गुणगौरव समारंभ ठेवायचा, बापूसाहेबांना स्टेजवर बसवायचं, नारळ-शाल द्यायची आणि माइकवरून सांगून टाकायचं, नीलम नवोदयला चालली. चारचौघांत म्हातारा नाही कसं म्हणेल? मला वाटलं, फार हुशारी केली मी.

पण आमच्याकडं स्टेज म्हटलं की खुर्च्या आल्या, आणि खुर्च्या म्हटलं की डोक्याला ताप. बापूसाहेब आले म्हणजे रोहिदास आप्पाही येणार. ते शाळा समितीचे अध्यक्ष, त्यांना कसं वगळणार? दोघं लहानपणापासूनचे जिवलग. रोज संध्याकाळी डेअरीच्या ओट्यावर बसायचे. मागं सोसायटीच्या सभेला मधल्या खुर्चीवर रोहिदास आप्पा बसले आणि बापूसाहेबांना कडेची मिळाली. बस्स, तेवढ्यावरून बोलणं बंद. हसू नका, अशानं इथं पॅनेलं फुटलीत.

दुपारच्या तासाला मला दुसरं काही सुचत नव्हतं. म्हटलं, पोरांनो, आज पुस्तक ठेवा बाजूला. फळ्यावर पाच खुर्च्या काढल्या.

"मधली खुर्ची शिरूरहून येणाऱ्या साहेबांची. बापूसाहेब आणि आप्पा शेजारी नकोत. पण दोघंही साहेबांपासून सारख्याच अंतरावर पाहिजेत, नाहीतर रुसवा. महबूबभाईंचा मंडप आणि साउंड आहे. त्यांना माइक बघायला सारखं उठावं लागणार, म्हणून ते टोकाला. आणि सरपंच जाईबाई टोकाला नकोत."

"का मॅडम?" एकानं विचारलं.

"कारण टोकाला बसवलं की त्यांचे मालक शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि भाषणही तेच करतात. जाईबाईंनी मला स्वतः सांगितलंय, दोन्ही बाजूंनी माणूस पाहिजे म्हणून."

पोरं खदाखदा हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी पेंगत नव्हतं. कुणी बापूसाहेबांना उचलून इकडं ठेवतंय, कुणी सरपंचांना तिकडं. नीलम फळ्याकडं बघत बसली होती.

"मॅडम, हे पाच खुर्च्यांत बसत न्हाई," ती म्हणाली. "महबूबचाचांनी एक टोक घेतलं, म्हंजी आबा आन् आप्पा दोन टोकांला जात न्हाईत. जाईकाकू टोकाला नकोत, म्हंजी साहेबांच्या शेजारची एक जागा त्यांची. मग आबा आन् आप्पा साहेबांच्या दोन बाजूंला पण बसत न्हाईत. सात खुर्च्या करा. मोठे सर आन् तुम्ही पण बसा."

आणि तिनं भराभर लिहून दाखवलं. महबूबचाचा, जाईकाकू, आबा, मध्ये साहेब, मग आप्पा, मोठे सर, आणि टोकाला मी. सगळ्या अटी बसत होत्या. मी म्हटलं, शाब्बास गं माझी वाघीण!

शाळा सुटली तरी ती दप्तर घेऊन दारात उभी. म्हटलं, काय गं?

"मॅडम, खुर्च्या बसल्या, पण तुमचं काम व्हणार न्हाई. तुम्ही माइकवर सांगणार, मी चालले. लगेच आप्पा टाळ्या वाजवणार. आप्पांनी टाळ्या वाजवल्या की आबा न्हाई म्हणणार."

माझा डाव हिला कधी कळला?

"आप्पांनी ठिबक केलं, आबांनी पाटानंच पाणी द्यायचं ठरवलं. आप्पा म्हणले शाळेभोवती जाळी लावा, आबा म्हणले भिंत पाहिजे, म्हणून अजून कायच न्हाई. आप्पांचं हो म्हंजी आबांचं न्हाई. मग मॅडम, आप्पांचं न्हाई म्हंजी?"

"आबांचं हो," मी म्हटलं. एवढीशी पोर! मला हसावं का तिला जवळ घ्यावं कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रोहिदास आप्पांकडं गेलो. आप्पा गोठ्यात होते. ऐकून त्यांचा चेहराच पडला. "मॅडम, मी समितीचा अध्यक्ष. माइकवर उभं राहून म्हणू, की पोरीला शाळेला पाठवू नका? गाव थुंकंल की माझ्या तोंडावर."

"आप्पा, एकदाच," नीलम म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं बघितलं. ही पोर त्यांच्या मांडीवर खेळलेली. भांडणानंतर तिचं येणंही कमी झालं होतं. "बापूनं तरी माझं काय ऐकलंय कवा," ते पुटपुटले. "बरं. बोलतो."

समारंभाच्या दिवशी ऊन असं होतं की मंडपाखालीसुद्धा डोकं भणभणत होतं. महबूबभाईंनी पंखे लावले, ते गरम वारा फेकत होते. साहेबांचा फोन आला, मीटिंग लागली, येता येत नाही, तुम्ही उरकून घ्या. मला याची सवय आहे. मधली खुर्ची मोकळी राहिली, तिच्या इकडं बापूसाहेब, तिकडं आप्पा, आणि दोघंही समोरच्या लोकांकडं बघत बसलेले. जाईबाईंचे मालक स्टेजच्या कडेनं दोन फेऱ्या मारून गेले, जागा मिळेना तेव्हा खाली जाऊन बसले. जाईबाईंनी माझ्याकडं बघून हळूच डोळे मिटले. तेवढंच काय ते समाधान.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पोरांनी ते दोनदा चुकवलं. मी नीलमचं नाव घेतलं. शाल, नारळ, टाळ्या. ती बापूसाहेबांच्या खुर्चीमागं उभी राहिली. मग मी रोहिदास आप्पांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

आप्पांनी माइक हातात घेतला. "नीलमचं कौतुकच हाय," ते म्हणाले. "पण माझं मत इचाराल तर, पोरीला पाठवू नये. लहान हाय. घरची सवय हाय. आईबाप कामावर, आजोबा एकटा. आपली शाळा काय वाईट हाय का? शिकंल की इथंच. मी अध्यक्ष म्हणून सांगतो, पाठवू नये."

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं बया, काय बोलतोय हा मुडदा!" आप्पांनी ऐकलं. मान खाली घालून ते जागेवर बसले. आणि बापूसाहेब उठले. मी नीलमकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. आता हो म्हणणार. म्हणायलाच पाहिजे.

बापूसाहेबांनी माइक तोंडापाशी धरला.

"रोहिदास खरं बोलला," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या मनातलं कोण बोललं न्हाई. ह्यो बोलला. सगळी मला म्हणत्यात पाठवा, पाठवा. माझं काय व्हईल, ते कुणी इचारलं न्हाई. ह्यानं इचारलं."

आणि माइक महबूबभाईंच्या हातात देऊन ते त्या मोकळ्या खुर्चीला वळसा घालून गेले आणि आप्पांच्या गळ्यातच पडले.

काय सांगू तुम्हाला! सगळा मंडप उठून उभा राहिला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. जाईबाई डोळे पुसायला लागल्या. ज्या बाईनं मुडदा म्हटलं होतं ती म्हणाली, देवासारखी माणसं. मोठे सर माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम सार्थकी लागला." मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दोन म्हातारे भेटले म्हणून गाव नाचतंय, आणि ज्या पोरीसाठी हे सगळं मांडलं ती तिथंच मागं उभी, एका हातात नारळ, खांद्यावर तिला मोठी होणारी शाल.

आप्पांनी बापूसाहेबांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी म्हटलं, बोला. आत्ता बोला, खरं काय ते सांगा. त्यांनी नजर दुसरीकडं नेली. पण त्यांच्यावर रागावून उपयोग काय? इतक्या वर्षांनी मिळालेली मिठी कोण आपल्या हातानं सोडतो?

मी आभार मानून कार्यक्रम संपवला. लोक चहाकडं गेले. महबूबभाईंनी साउंड बंद करून वायरी गुंडाळायला घेतल्या. आता मला फक्त घरी जायचं होतं. तरी मी टोकाच्या खुर्चीवर तशीच बसले. बापूसाहेब आणि आप्पा अजून स्टेजवरच होते. शेजारीशेजारी बसून उसाच्या लागवडीचं काहीतरी बोलत होते, एकमेकांचं वाक्य तोडत. नीलम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "आप्पा मनापासून बोलले न्हाईत. मीच त्यांना सांगितलं व्हतं. त्यांनी न्हाई म्हणलं की तुम्ही हो म्हणता, म्हणून."

ही काय करतेय? आत्ता तर कुठं जुळलं होतं!

बापूसाहेबांनी सावकाश आप्पांकडं तोंड वळवलं. "व्हय रं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. त्यांना वर बघवत नव्हतं. "पोरीनं तसं हिशोबानं काढलं व्हतं. मला वाटलं, पोरीचं भलं व्हईल."

"म्हंजी तू मनापासनं बोलला न्हाईस."

"न्हाई, बापू."

बापूसाहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. पोरीची शाळाही गेली आणि म्हाताऱ्यांची दोस्तीही गेली.

"मी मात्र मनापासनं बोललो," ते म्हणाले.

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. नीलमनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि आजोबांच्या पुढ्यात खाली बसली.

"आबा, मी गेल्यावर तुमच्याशी बोलायला कोण न्हाई, म्हणून तुम्ही मला पाठवत न्हाई. असंच ना?"

"व्हय."

"आता आप्पा हायत की."

"ह्यो?" बापूसाहेब चिडले. "ह्यो काय बोलणार? ह्यो निस्ता भांडणार."

"मग भांडा. माझ्याशी पण भांडतासाच की."

"आन् पेपर?"

"मी वाचतो," आप्पा घाईनं म्हणाले. "माझं डोळ्याचं आपरेशन झालंय. रोज येतो, बापू. तू हाकललंस तरी येतो."

"पाऊसपाण्यात?"

"येतो म्हणलं ना!"

म्हातारा नातीच्या केसांवरून हात फिरवायला गेला आणि हात शालीतच अडकला. मी उठून जवळ जावं असं फार वाटलं, पण गेले नाही. सोडवणारी पोर तिथं बसली होती.

"जा," बापूसाहेब म्हणाले. एवढ्या हळू की महबूबभाईंनीसुद्धा वायरी गुंडाळायचं थांबवून मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "पण आजच न्हाई ना जायचं?"

"न्हाई आबा. सुट्टी संपल्यावर."

"मग बस हितं," ते म्हणाले. "बस जरा वेळ."